तळहात रस्त्यावर घसरला पाहिजे: मनगटासाठी दुचाकीचे हातमोजे निवडताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ कोथरूडला राहतात, वय ३१, रोज मोटारसायकलने हिंजवडीला जातात आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा तरी ताम्हिणी घाटात फेरी मारतात. जुलैमध्ये पौडच्या पुढे एका ओल्या वळणावर त्यांच्या गाडीचे पुढचे चाक निसटले. वेग चाळीसच्या आसपास होता. पडताना त्यांनी उजवा हात टेकवला. हातात मुठीवर कडक कवच असलेले, मनगटापाशीच संपणारे हातमोजे होते. कातडीला ओरखडाही आला नाही, पण मनगटातले स्कॅफॉइड नावाचे हाड मोडले आणि दहा आठवडे प्लास्टरमध्ये काढावे लागले. त्यांचे म्हणणे असे: ‘चांगले ग्लोव्हज घालूनही मनगट मोडले, तर आता नेमके काय घ्यायचे? लांब कफचे घेऊ का? आतून स्केटिंगचे गार्ड घातले तर चालेल का? पाच हजारांपर्यंत खर्च करायची तयारी आहे. आणि गाडी पुन्हा कधी चालवू?’

मी पुण्यात हाताच्या शस्त्रक्रिया करतो. या कामाला आता बावीस वर्षे झाली आणि त्याहून जास्त वर्षे मी स्वतः मोटारसायकल चालवतो आहे, म्हणून हे उत्तर जरा सविस्तर देतो.

हातमोजा जितका जाड, कडक आणि चिलखतासारखा दिसणारा, तितके मनगट सुरक्षित, असे तुम्ही धरून चालला आहात आणि बहुतेक सगळेच तसे धरून चालतात. माझ्यासमोर आलेल्या हातांवरून मला निराळे दिसले आहे. हँडलच्या उंचीवरून, म्हणजे साधारण एक मीटरवरून, जमिनीवर यायला अर्धा सेकंदही लागत नाही. तेवढ्या वेळात माणूस काही ठरवत नाही, हात आपोआप पुढे जातो. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. या वेगाने पुढे जाणाऱ्या शरीराचा पहिला टेकू म्हणजे तळहाताचा मनगटाला लागून असलेला फुगीर भाग. तो भाग डांबरावर टेकून पुढे सरकला, तर शरीराचा वेग घसरण्यात खर्च होतो. तो टेकला आणि तिथेच चिकटला, तर तळहात थांबतो, पण मागून येणारे साठ-सत्तर किलो वजन थांबत नाही. निरोगी मनगट मागच्या बाजूला साधारण ७० अंशांपर्यंत वाकते. त्यापुढे वजन ढकलत राहिले की हाडांपैकी कुणीतरी हार मानते.

कोणते हाड हार मानते, ते वयावर आणि हाताच्या कोनावर बरेचसे अवलंबून असते. उतारवयात बहुधा मनगटाच्या वरचे, पुढच्या हाताचे मोठे हाड मोडते. हे कोलीज फ्रॅक्चर. डब्लिनचे शल्यचिकित्सक अब्राहम कोलीज यांनी १८१४ साली, क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या ८१ वर्षे आधी, निव्वळ हात तपासून त्याचे वर्णन लिहून ठेवले होते. तुमच्या वयात हाडे मजबूत असतात, त्यामुळे जोर आत जातो आणि मनगटातल्या आठ छोट्या हाडांपैकी अंगठ्याच्या बाजूचे, होडीच्या आकाराचे स्कॅफॉइड मोडते. या आठांमध्ये सर्वांत अधिक वेळा मोडणारे हाड हेच आहे. त्याची रक्तपुरवठ्याची रचनाही उलटी आहे. रक्त बोटांकडच्या टोकातून शिरते आणि मागे मनगटाकडे जाते. हाड मधोमध मोडले की मागच्या तुकड्याचा पुरवठा तुटू शकतो. म्हणूनच ते हळू जुळते, कधी जुळतही नाही, आणि न जुळलेले स्कॅफॉइड काही वर्षांनी मनगटाचा सांधा झिजवते. दहा आठवड्यांचे प्लास्टर तुम्हाला फार वाटले असेल, पण या हाडाच्या बाबतीत ते नेहमीचेच आहे.

मी दोन हातमोजे जपून ठेवले आहेत आणि रुग्णांना ते शेजारी शेजारी ठेवून दाखवतो. पहिला माझा स्वतःचा आहे. काही वर्षांपूर्वी सिंहगडाच्या रस्त्यावर उतरताना वाळू पसरलेल्या वळणावर मी पडलो होतो. त्याच्या तळहाताच्या मुळाशी कडक, गुळगुळीत प्लास्टिकच्या दोन चकत्या आहेत, एक अंगठ्याच्या बाजूला आणि एक करंगळीच्या बाजूला. दोन्हींवर मनगटापासून बोटांच्या दिशेने गेलेल्या समांतर रेघा आहेत, अर्ध्या बोटाइतक्या लांब, आणि त्यांत अजून डांबराची करडी भुकटी अडकलेली आहे. हात जमिनीवर घसरत गेला याचा हा पुरावा आहे, आणि माझ्या मनगटाला त्या दिवशी सूज येण्यापलीकडे काही झाले नाही. दुसरा हातमोजा अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याचा आहे. पकड चांगली मिळावी म्हणून त्याच्या संपूर्ण तळहातावर रबराचे ठिपके छापलेले होते. एकाच जागी, अंगठ्याच्या मुळाखाली, रुपयाच्या नाण्याएवढ्या भागातले ठिपके खोडरबरासारखे घासून गुळगुळीत झाले आहेत. बाकी सगळा हातमोजा नव्यासारखा आहे. तळहात तिथे टेकला आणि तिथेच थांबला. त्याचे स्कॅफॉइड मधोमध मोडले होते आणि त्यात स्क्रू घालावा लागला.

दोन हातमोज्यांवरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण कुठे पाहायचे, ते त्यांच्यावरून नीट समजते.

तेव्हा निवडीची पहिली कसोटी ही: तळहाताच्या मुळाशी घसरणारा भाग आहे का, आणि असल्यास तो नेमका कुठे आहे? या भागाला दुकानदार पाम स्लायडर म्हणतात. तो कडक, गुळगुळीत असतो आणि हातमोज्याच्या बाहेरच्या बाजूला असतो. आतून लावलेला फोमचा किंवा जेलचा गादीसारखा तुकडा म्हणजे स्लायडर नव्हे. ती गादी हँडलचे हादरे थोडे कमी करते आणि पडताना आघाताचा काही अंश शोषते, पण तळहाताला घसरू देत नाही. बाजारातल्या अनेक हातमोज्यांवर स्लायडर फक्त करंगळीच्या बाजूला असतो. तिथे हात वारंवार टेकतो, म्हणून तो निरुपयोगी नाही, पण तुमचे मोडलेले हाड अंगठ्याच्या बाजूला आहे. तुमच्यासाठी अंगठ्याच्या मुळाखालची चकती जास्त महत्त्वाची आहे आणि दोन्ही बाजूंना चकत्या असतील तर उत्तमच. इंग्लंडच्या नॉक्स या कंपनीने तर आपल्या अशा रचनेला स्कॅफॉइडचेच नाव दिले आहे. त्यांचे हातमोजे तुमच्या खर्चाच्या मर्यादेत बसणार नाहीत, पण दोन वेगळ्या चकत्या आणि मध्ये मोकळी जागा ही रचना आता इतर उत्पादकांकडेही दिसते. रायनॉक्स, वायाटेरा अशा भारतीय कंपन्यांचे हातमोजे पाहतानाही आधी उलटे करून तळहात पाहा, मुठीकडची बाजू नंतर.

दुकानात करून पाहण्याजोगी एक साधी चाचणी आहे. हातमोजा घाला, पट्टे बंद करा आणि दुकानाच्या सिमेंटच्या पायरीवर किंवा खडबडीत फरशीवर तळहात तसा टेकवा, जसा तुम्ही पडताना टेकवाल, म्हणजे बोटे किंचित वर आणि वजन मनगटाजवळच्या भागावर. आता थोडा भार देऊन हात पुढे ढकला. हात सरकतो का, की अडकून मनगट मागे मुडपते? जमिनीला सर्वांत आधी चकती लागते, की चकती तळहाताच्या मध्यभागी सरकलेली असल्यामुळे आधी चामडे लागते? नाना पेठेतल्या एका दुकानात मी हे करत होतो तेव्हा मालकाने आधी कपाळाला आठ्या घातल्या, पण नंतर त्याने स्वतः तीन जोड्या काढून पायरीवर घासून पाहिल्या. हलक्या हाताने केल्यास माल खराब होत नाही, तरी आधी विचारून घ्यावे. रबराची किंवा सिलिकॉनची छपाई बोटांवर आणि बोटांच्या मुळाशी असावी. तिथे ती ब्रेक आणि क्लच धरायला उपयोगी पडते. तळहाताच्या मुळाशी ती असेल, तर तो हातमोजा खाली ठेवा, मग त्यावर कोणतेही नाव असो.

मुठीवरचे कडक कवच तुमच्या हातमोज्यांना होते आणि त्याने त्याचे काम केले असणार. समोरच्या गाडीच्या आरशावर किंवा झाडाच्या फांदीवर मूठ आपटली, हात उलटा होऊन पेरांवर घासला, तर ते वाचवते. मनगटाशी त्याचा संबंध नाही. ते नजरेत भरते, म्हणून किंमत त्यावरून ठरते आणि तळहाताकडे कुणी पाहत नाही, हे मला मनापासून खटकते.

दुसरी कसोटी: हातमोजा हातात राहतो का? घसरताना हातमोजा उलटा होऊन निघून गेला, तर चकती, चामडे, शिवण, सगळे व्यर्थ. मनगटाच्या सर्वांत बारीक जागी, म्हणजे तळहाताचा फुगवटा संपून हात निमुळता होतो तिथे, स्वतंत्र पट्टा असला पाहिजे. कफच्या टोकाला असलेला रुंद वेल्क्रो हे काम करत नाही. तो पुढच्या हाताच्या रुंद भागावर असतो आणि तिथून हातमोजा सहज सरकतो. लांब कफच्या हातमोज्यांना दोन पट्टे असतात ते याचसाठी. मनगटावरचा पट्टा हातमोजा धरून ठेवतो आणि कफवरचा पट्टा कफ बंद ठेवतो. नुसत्या इलॅस्टिकवर राहणारे, पट्टाच नसलेले हातमोजे घाटासाठी मुळीच घेऊ नका. पट्टे लावून सोबतच्या माणसाला बोटांची टोके धरून जोरात ओढायला सांगा, हात सैल सोडून आणि वेगवेगळ्या दिशांनी. तळहाताचा फुगवटा पट्ट्याच्या खालून बाहेर येऊ लागला, तर माप मोठे आहे किंवा पट्टा चुकीच्या जागी आहे.

तळहाताचा टिकाऊपणा आणि मनगटाचा पट्टा या दोन गोष्टींसाठी युरोपच्या मानकाचा आधार घेता येतो. दुचाकीच्या हातमोज्यांचे मानक ईएन १३५९४ असे आहे आणि त्याच्या २०१५ च्या आवृत्तीत दोन स्तर आहेत. तळहाताचे चामडे किंवा कापड ठरावीक खडबडीत पट्ट्यावर घासले असता पहिल्या स्तरासाठी ४ सेकंद आणि दुसऱ्या स्तरासाठी ८ सेकंद टिकावे लागते. मनगटाचा पट्टा पहिल्या स्तरात २५ न्यूटन आणि दुसऱ्या स्तरात ५० न्यूटन ओढीला, म्हणजे अंदाजे अडीच आणि पाच किलोच्या ताणाला, पुरून उरला पाहिजे. कफ मनगटाच्या पुढे पहिल्या स्तरात किमान १५ मिलिमीटर आणि दुसऱ्यात किमान ५० मिलिमीटर जावा लागतो. आतल्या चिठ्ठीवर मोटारसायकलस्वाराचे छोटे चित्र, मानकाचा क्रमांक आणि १ किंवा २ हा आकडा असतो. मुठीवरच्या कवचाची चाचणी झाली असेल, तर केपी ही अक्षरे असतात. पहिल्या स्तरात केपी ऐच्छिक आहे, दुसऱ्यात ते लागतेच. पण ही अक्षरे पेरांबद्दल बोलतात, मनगटाबद्दल नव्हे, हे लक्षात ठेवा. नुसते सीई (युरोपीय नियम पाळल्याची खूण) छापलेले आणि मानकाचा क्रमांक नसलेले हातमोजे आपल्याकडे भरपूर मिळतात. त्या दोन अक्षरांवर विसंबू नका.

आपल्याकडे १ जून २०२१ पासून दुचाकीच्या हेल्मेटला आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. हातमोज्यांना तशी सक्ती नाही, म्हणून पारखण्याची जबाबदारी शेवटी घेणाऱ्यावर पडते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये २०१८ पासून मोटोकॅप नावाचा उपक्रम चालतो. ते बाजारातून कपडे आणि हातमोजे स्वतः विकत घेऊन, फाडून-घासून तपासतात आणि निकाल सर्वांना मोफत पाहता येतात. तिथे तपासलेले सगळे हातमोजे आपल्याकडे मिळत नाहीत, पण सारख्या दिसणाऱ्या दोन हातमोज्यांमध्ये किती अंतर असू शकते, ते ती यादी तासभर चाळली तरी कळते.

आता एक गोष्ट स्पष्टपणे सांगतो, कारण तुमचा प्रश्न तिथूनच सुरू झाला आहे. कोणताही हातमोजा मनगट मोडणार नाही अशी खात्री देऊ शकत नाही. कॅनबेराच्या परिसरात २००८-०९ मध्ये अपघात झालेल्या २१२ मोटारसायकलस्वारांचा अभ्यास लिझ डी रोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला आणि तो २०११ साली प्रसिद्ध झाला. दुचाकीचे हातमोजे घातलेल्यांना रुग्णालयात दाखल करावे लागण्याची शक्यता ५९ टक्क्यांनी कमी दिसली. कवच असलेली साधने घातलेल्यांमध्ये हात आणि मनगटाच्या दुखापतींची शक्यता ४५ टक्क्यांनी कमी दिसली. पण कवच असणे आणि हाड मोडणे यांत त्यांना संबंध आढळला नाही. शिवाय दुचाकीसाठीच बनवलेल्या हातमोज्यांपैकी चौथ्या हिश्शाहून थोडे अधिक अपघातात फाटले किंवा उसवले. याचा अर्थ मी असा लावतो: कातडी, कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणारे दोर) आणि बोटांची टोके यांच्यासाठी हातमोजा फार मोलाचा आहे, हाडांच्या बाबतीत मात्र तो एक शक्यता कमी करतो, एवढेच. तळहात घसरू देणारी चकती त्या शक्यतेसाठी आहे, आणि माझ्या मते ती हवीच. पण हात हँडलवर असतानाच समोरून धडक बसली, तर जोर हँडलमधून थेट अंगठ्याच्या मुळाशी आणि मनगटात जातो. तिथे चकतीला घसरायला रस्ताच मिळत नाही. अशा जखमा मी दर महिन्याला पाहतो आणि त्यांच्यावर हातमोज्यात उत्तर नाही.

लांब कफचे घ्यावेत का? घाटासाठी आणि महामार्गासाठी होय. पुढच्या हाताची करंगळीकडची कड पडल्यावर हमखास घासली जाते आणि जॅकेटची बाही वर सरकली, तर मनगटाच्या वरची चार बोटे जागा उघडी पडते. लांब कफ ती झाकतो. मनगटाच्या हाडांचे रक्षण मात्र कफ लांब असल्याने होत नाही, हे ध्यानात असू द्या. ते चकतीचे आणि पट्ट्याचे काम आहे. आखूड कफचा, पण मनगटावर पक्का पट्टा आणि दोन्ही बाजूंना चकत्या असलेला हातमोजा हा लांब, सैल आणि चकती नसलेल्या हातमोज्यापेक्षा तुमच्या मनगटासाठी केव्हाही बरा.

स्केटिंगच्या गार्डचा प्रश्न चांगला आहे आणि त्यामागचा विचार चुकीचा नाही. चाकांच्या बुटांवर स्केटिंग करणाऱ्यांवर अमेरिकेत झालेल्या आणि १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गार्ड न घालणाऱ्यांमध्ये मनगटाच्या दुखापतीची शक्यता सुमारे दहा पट आढळली होती. त्या गार्डचे तत्त्वही तेच आहे: तळव्यावरची कडक पट्टी जमिनीवर घसरते आणि मनगटाला मागे मुडपू देत नाही. पण स्केटिंग करणाऱ्याच्या हातात काही नसते. मोटारसायकलवर एक्सिलेटर फिरवायला मनगट मागे-पुढे वाकावे लागते आणि ब्रेक पकडायला बोटे मोकळी लागतात. तळव्यात कडक पट्टी ठेवून हँडल धरले, तर पकड कमकुवत होते, हातमोजा एक माप मोठा घ्यावा लागतो, आणि मोठा हातमोजा पट्ट्यातून निसटतो. शिवाय पट्टी आतल्या बाजूला असल्यामुळे रस्त्यावर घसरायचे तिचे मुख्य काम होतच नाही. म्हणून गार्ड आत घालू नका. मोटोक्रॉसच्या, म्हणजे मातीच्या खडबडीत मार्गावरच्या शर्यतींच्या, खेळाडूंसाठी मनगट फार मागे जाऊ न देणारे खास ब्रेस असतात, पण ते त्या खेळासाठी आहेत. रोज हिंजवडीला जाताना ते सोसवणार नाहीत.

माप घेताना अंगठा सोडून तळहाताचा सर्वांत रुंद घेर टेपने मोजा आणि कंपनीच्या तक्त्याशी जुळवा. पण अंतिम निर्णय टेबलावर हात पसरून नको, मूठ वळवून घ्या. दुकानाबाहेर उभ्या असलेल्या आपल्या गाडीचे हँडल धरून पाहा. बोटांची टोके शिवणीला टोचता कामा नयेत आणि तळव्यात चामड्याची घडी पडता कामा नये. अशी घडी तासाभराने टोचू लागते. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येऊ लागल्या, तर पट्टा मनगटाच्या मधल्या नसेवर दाब देतो आहे, असे समजा. अनामिका आणि करंगळी बधिर होत असतील, तर दाब करंगळीकडच्या फुगवट्यावर आहे. तुमचे मनगट नुकतेच बरे झाले आहे आणि अजून थोडी सूज असणार. हातमोजे आजच्या मापाने घेतले, तर दोन महिन्यांनी सैल होतील. थोडे थांबा, किंवा डाव्या हाताचे माप धरा.

चामड्याविषयी फार लिहीत नाही. तळहाताला बकरीचे किंवा गाईचे चामडे असावे आणि मुळाशी दुहेरी थर असावा. तळव्याच्या घासल्या जाणाऱ्या भागात शिवण उघडी नसावी. करंगळी आणि अनामिका यांना जोडणारी चामड्याची पट्टी असेल, तर तेवढीच करंगळी मुडपण्यापासून वाचते. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा पूर्ण चामड्याचे हातमोजे लोक काढून डिकीत ठेवतात, आणि डिकीतला हातमोजा कुणाला वाचवत नाही. त्यासाठी हाताच्या पाठीकडून जाळीचे आणि तळव्याकडून चामड्याचे असे हातमोजे घ्यावेत. यात तडजोड आहे, पण ती मी आनंदाने स्वीकारतो. पावसाळ्यात दुचाकीवर हात खाली उतरते असतात आणि बाहीवरून ओघळलेले पाणी थेट लांब कफच्या तोंडात शिरते. तेव्हा कफ रेनकोटच्या बाहीच्या आत घ्या. एरवी बाही कफच्या आत आणि पट्टा वरून. भिजलेले चामडे उन्हात किंवा गीझरजवळ वाळवू नका, ते कडक होऊन शिवणीपाशी चिरते. वर्तमानपत्राचे बोळे आत भरून पंख्याखाली ठेवा. वेल्क्रोत अडकलेले धागे आणि गाळ जुन्या टूथब्रशने काढत जा. न चिकटणारा पट्टा असून नसल्यासारखाच.

जाता जाता एक निरीक्षण नोंदवतो. आपल्या शहरात स्कूटरवर निघालेल्या मुली आणि महिला तुळशीबागेतून घेतलेले, कोपरापर्यंतचे सुती हातमोजे आणि स्कार्फ घालतात. ऊन आणि धूळ यांपासून ते नक्की वाचवतात, पण रस्त्यावर ते क्षणभरही टिकत नाहीत, आणि काही सुती हातमोज्यांवरचे रबरी ठिपके तर मी वर सांगितलेलेच चिकटण्याचे काम करतात. माझ्याकडे येणाऱ्या मोडलेल्या मनगटांपैकी कितीतरी घाटातली नसतात. ती कर्वे रस्त्यावर किंवा सोसायटीच्या फाटकापाशी, तीसच्या वेगाने पडून मोडलेली असतात. रोजच्या स्कूटरसाठी आखूड कफचे, पट्ट्याचे, तळव्यात चकती असलेले हलके हातमोजे मिळतात. उन्हाचे सुती हातमोजे त्यांच्यावरून चढवले, तर चकती पुन्हा झाकली जाते, म्हणून सुती हातमोजा आत आणि चकतीचा हातमोजा बाहेर, असा क्रम ठेवावा.

तुमच्या पाच हजारांत मी असे करीन: सगळी रक्कम एका भारी जोडीवर घालण्याऐवजी पहिल्या स्तराची खूण असलेली, दोन्ही बाजूंना चकती असलेली आखूड जाळीदार जोडी रोजच्यासाठी घेईन, आणि उरलेल्या पैशांत थोडी भर घालून घाटासाठी लांब कफची चामड्याची जोडी पुढच्या पावसाळ्याआधी घेईन. तुमच्या आताच्या हातमोज्यांचा तळवा एकदा भिंगाखाली पाहा. पडताना ताणलेली शिवण वरून धड दिसते, पण आतून धागे तुटलेले असतात. पडलेला हातमोजा मी पुन्हा घाटात नेत नाही.

आता तुमच्यासारखेच पडलेल्या, पण ‘थोडे मुरगळले आहे’ म्हणून घरी बसलेल्या वाचकांसाठी दोन वाक्ये. अंगठा ताठ करून वर उचलला की त्याच्या मुळाशी, दोन कंडरांच्या मधे एक खळगा पडतो. जुन्या पिढीतले लोक तपकिरीची चिमूट ठेवायचे तो. पडल्यानंतर त्या खळग्यात बोटाने दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे साफ आला तरी स्कॅफॉइड मोडलेले असू शकते. पहिल्या एक्स-रेमध्ये ही बारीक चीर अनेकदा दिसत नाही. हात आधारात ठेवून दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढावा किंवा आधीच एमआरआय करावा. गरम तेलाने चोळून घेऊ नये.

गाडी पुन्हा कधी, याचे उत्तर तारखेत देता येत नाही. प्लास्टर निघाले म्हणजे हाड जुळले, असे नाही. स्कॅफॉइड जुळले की नाही ते साध्या एक्स-रेवरून सांगणे कठीण असते, म्हणून तुमच्या डॉक्टरांना सीटी स्कॅनबद्दल विचारा. जुळल्याचे नक्की झाल्यावर आणि खळग्यातले दुखणे गेल्यावर, बंद गाडीवर बसून पुढचा ब्रेक पूर्ण ताकदीने वीस वेळा दाबून पाहा. एक्सिलेटर पूर्ण फिरवतानाही मनगट खुपले नाही आणि दोन्ही हातांची पकड जवळपास सारखी वाटली, तर आधी सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर आठवडाभर चालवा. उजव्या हाताने अचानक ब्रेक दाबता येतो का, हे हिंजवडीच्या गर्दीत पहिल्यांदा तपासायचे नसते. ताम्हिणी त्यानंतर, आणि शक्यतो पाऊस ओसरल्यावर.